लोकरीची जर्सी आठ हजाराची? ताई, काहीतरी स्वस्तातला मार्ग सांगा

ताई नमस्कार,
मी नाशिकचा, अंबडला कंपनीत नोकरी, वय ३६. गेली दोन वर्षं सायकल मनापासून चालवतोय. पहाटे साडेपाचला निघतो, कधी त्र्यंबक रोड, कधी गंगापूर धरण, आणि रविवारी ग्रुपसोबत इगतपुरी आणि पुढे कसारा घाट. थंडीत प्रॉब्लेम असा होतो की चढाला घामाने जर्सी भिजते आणि उतार लागला की दात वाजायला लागतात. डिसेंबरात ३०० ची बीआरएम (म्हणजे ठरलेल्या वेळेत ३०० किलोमीटर पुरी करायची लांब राईड) करायची आहे, आणि पुढच्या जुलैत मनाली-लेह. ग्रुपमधले सगळे म्हणतात मेरिनो वूल घे. नेटवर बघितलं तर एक लोकरीची सायकलिंग जर्सी आठ हजाराची! बायकोला आकडा सांगायची हिंमत झाली नाही. माझं बजेट तीन हजार, फार ताणून साडेतीन. सासूबाई म्हणतात विकत कशाला घेता जावईबापू, मी विणून देते. मेहुणा जर्मनीत असतो, दिवाळीला येणार आहे, त्याच्याकडून काही मागवू का? आणि हो, लहानपणी मला स्वेटर भयंकर टोचायचा. तर लोकर घ्यावी का, आणि घ्यावी तर कुठून?
– कुडकुडणारा नाशिककर

अरे भाऊ, ताई म्हणालास म्हणजे आता अहो-जाहो नाही, सरळ अरे-तुरेच करते.

लोकर घे, पण जर्सी घेऊ नकोस. ती आठ हजाराची जर्सी मागे तीन खिसे, पुढे चेन, बाहीवर पट्टा आणि परदेशी ब्रँडचं नाव या सगळ्याचे मिळून पैसे घेते, आणि लोकरीचं खरं काम अंगाला चिकटून असलेल्या पहिल्या थरात असतं. बाहेरून काय घातलंय याच्याशी तुझ्या पाठीवरच्या घामाला काही देणंघेणं नाही. म्हणजे आत एक पातळ मेरिनोचा, म्हणजे त्या जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचा, साधा टी-शर्ट, त्यावर तुझी आत्ताची पॉलिएस्टरची जर्सी, आणि उताराला वरून विंडचीटर. या हिशोबाने बजेट पुरतं, वर शंभर-दोनशे चहा-पोह्याला उरतात.

आणि अजून एक गोष्ट जी ग्रुपमधले सांगणार नाहीत कारण त्यांनी आधीच पैसे घातलेत. रोजच्या पहाटेच्या राईडला लोकर लागतच नाही. तासा-दीड तासात घरी येणार, गरम पाण्याने आंघोळ करणार, जर्सी बादलीत टाकणार. तेवढ्याला पॉलिएस्टर उत्तम, लोकरीपेक्षा लवकर वाळतं, मशीनमध्ये कसंही धुतलं तरी तक्रार करत नाही. लोकर कुठे कामाला येते, तर जिथे भिजून परत थंड व्हायचं, परत तापायचं, परत भिजायचं असं दिवसभर चालतं आणि मध्ये कपडे बदलायची सोय नसते तिथे, म्हणजे तुझी ३०० ची बीआरएम, आणि जिथे तोच कपडा चार-पाच दिवस अंगावर काढायचा असतो तिथे, म्हणजे लेह. दोन्ही तुझ्या यादीत आहेत म्हणून घे म्हणतेय, नाहीतर पैसे वाचव असंच सांगितलं असतं.

आता दात का वाजतात ते बघ, कारण ते कळलं नाही तर चुकीच्या वस्तूवर खर्च होतो. कसारा उतरताना तुझा स्पीड चाळीसच्या वर असतो, पायडल मारायचं थांबलेलं असतं म्हणजे शरीर उष्णता तयार करत नाही, आणि ओल्या कापडातून वारा जातो तो पाण्याची वाफ करताना तुझ्या अंगातली उष्णता ओढून नेतो. या तिन्हीपैकी लोकर फक्त ओलेपणाचं बघते. वारा ती अडवत नाही! विणलेलं कापड आहे ते, भोकंच भोकं. नुसता स्वेटर घालून घाट उतरणारा माणूस नुसत्या जर्सीवाल्याइतकाच कुडकुडतो, वर स्वेटरचं ओझं. म्हणून विंडचीटर आधी, लोकर नंतर. तुझ्याकडे नसेल तर सगळ्यात पातळ, मुठीत मावेल असा घे, पावसाळी जाड रेनकोट नको, त्यात आतून घाम साचतो.

विंडचीटर विसरलास तर घाटमाथ्याच्या चहाच्या टपरीवर कालचा पेपर माग. खरंच. युरोपातले जुने रेसर डोंगरमाथ्यावर पोचले की प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर सरकवायचे आणि मग उतरायचे. दोन-चार पानांची घडी छातीवर, पोटापर्यंत, आणि वर चेन बंद. फुकटात एवढा वारा अडवणारं दुसरं काही नाही, फक्त पांढरी जर्सी असेल तर शाईचा विचार कर.

लोकर घामाचं नेमकं काय करते? लोकरीचा तंतू आतून पाण्याची वाफ शोषतो, स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पोटात घेतला तरी हाताला फार ओली लागत नाही, आणि ही वाफ शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते. पॉलिएस्टरचा धागा जवळजवळ काहीच शोषत नाही, त्यामुळे घाम कापडावर आणि कातडीवर फिरत राहतो. आणि कॉटन शोषतं खरं पण मग ओलं होऊन अंगाला चिकटतं आणि वाळता वाळत नाही, म्हणून थंडीत राईडला आत कॉटनचं बनियन घालत असशील तर आधी ते काढ, निम्मा प्रॉब्लेम तिथेच असू शकतो. शिवाय लोकरीचे तंतू कुरळे असतात, मध्ये हवा धरून ठेवतात, थोडे ओले झाले तरी सगळी हवा जात नाही. वास कमी येतो हा चौथा फायदा, तो लेहच्या तंबूत बाजूला झोपणाऱ्याला जास्त कळेल.

यात नवीन काही नाहीये बरं का. सायकल रेसिंगमध्ये कित्येक दशकं सगळ्या जर्सी लोकरीच्याच होत्या. १९४० च्या दशकाच्या शेवटी टूर द फ्रान्स या शर्यतीत आघाडीवर असलेल्याला मिळणाऱ्या पिवळ्या जर्सीत कृत्रिम धागा मिसळायला सुरुवात झाली तेव्हा लुइसाँ बोबे नावाच्या फ्रेंच रेसरने ती अंगावर चढवायलाच नकार दिला, घामाघूम झाल्यावर लोकरच पाहिजे असं त्याचं म्हणणं, आणि आयोजकांना त्याच्यासाठी शुद्ध लोकरीची जर्सी तातडीने करून घ्यावी लागली. पुढे १९५३, ५४ आणि ५५ अशी सलग तीन वर्षं तो टूर जिंकला. जर्सीमुळे जिंकला असं मी म्हणत नाहीये, पण माणूस हट्टी होता.

टोचण्याचं बोलू. टोचणं हे लोकरीचं नाही, तंतूच्या जाडीचं काम आहे. साधारण ३० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा तंतू कातडीला टोचतो कारण तो वाकत नाही, टोक सरळ आत घुसतं. मेरिनोच्या चांगल्या बेस लेअरचा, म्हणजे अंगालगतच्या कपड्याचा, तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा असतो, तो कातडीला लागला की आधी स्वतःच वाकतो. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, ती घोंगडीला फर्स्ट क्लास, रिमझिम पावसात धनगर ती डोक्यावरून घेऊन दिवसभर उभा राहतो, पण तिचा बनियन करायचा विचार कोणी करू नये. भारतात तयार होणारी बरीचशी लोकर गालिचाच्या कामाची असते आणि कपड्यांसाठीची बारीक लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियाहून येते, मेरिनो महाग पडतं त्याचं एक कारण हेच. म्हणून अंगाला लागणारा थर मेरिनोचाच, तिथे काटकसर करू नकोस. आणि दुसऱ्या थराला कसलीही खरी लोकर चालते, टोचेना का, मध्ये टी-शर्ट आहे.

तो दुसरा थर फुकट आहे. तुझ्या वडिलांची, सासऱ्यांची, काकांची लोखंडी ट्रंक उघड. साठ-सत्तरीतल्या माणसांच्या घरी हमखास एक बिनबाह्यांचा व्ही गळ्याचा स्वेटर असतो, लग्नात सूटच्या आत घातलेला, बारीक विणीचा, पातळ. धारीवाल, लाल इमली, ओसीएम, रेमंड असलं काहीतरी लेबल असेल. ही सगळी लोकरीच्या धंद्यातली जुनी नावं, कानपूरची लाल इमली तर १८७६ ची. बारीक विणीचा बिनबाह्यांचा स्वेटर सायकलसाठी इतका बरोबर बसतो की कोणी मुद्दाम डिझाईन केलाय असं वाटावं, छाती-पोट गरम, काखा मोकळ्या, हात मोकळे, आणि दुपारी काढला तर गुंडाळून मागच्या खिशात. मात्र विचारून घे, सासऱ्यांचा असेल तर विशेष.

आता बाजारातली फसवणूक. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं, आणि स्वेटरांचंही तेच. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटला गेलास तर छान जाडजूड स्वेटर दिसतील, पण तो माल मोठ्या प्रमाणात लुधियानाचा आणि त्यात अ‍ॅक्रिलिकच जास्त. वाईट नसतो तो, ऑफिसला घाल, टू-व्हीलरवर घाल, पण अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, राईडला त्याचा उपयोग नाही. तिथे काही घ्यायचं झालंच तर जानेवारी अखेरीला जा, थंडी ओसरायला लागली की भाव खाली येतात, आणि मालकाला सरळ विचार की यात प्युअर वूल काय आहे, सांगतात ते.

लेबलवर 'वुलन' किंवा 'वूल लुक' लिहिलंय याला अर्थ नाही. टक्का बघ. ऑनलाईन तर टायटलमध्ये मेरिनो आणि खाली बारीक अक्षरात १० टक्के वूल, ८० टक्के अ‍ॅक्रिलिक, उरलेलं नायलॉन असं सर्रास असतं. धाग्यांच्या पिळाचा वूलमार्कचा शिक्का, १९६४ पासूनचा आहे तो, दिसला तर बरं. आणि लेबलच नसेल, जुनी वस्तू असेल, तर एक परीक्षा घरी करता येते. आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढ, चिमट्यात धर, बाल्कनीत किंवा सिंकजवळ उभा राहून टोकाला काडी लाव. खरी लोकर कशीबशी जळते, काडी लांब नेली की आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो, आणि मागे काळी राख राहते ती बोटाने चुरली की भुगा होतो. अ‍ॅक्रिलिक भसकन पेटतं, वितळतं, आणि टोकाला काळा कडक मणी राहतो, तो चुरला जात नाही. तो मणी गरम असताना बोट लावू नकोस, चटका बसतो चांगलाच. मिक्स असेल तर दोन्हीचा मेळ, थोडी राख आणि थोडे कडक कण. अर्थात दुकानात उभं राहून काडी पेटवू नकोस, दुकानदार बाहेर काढेल.

मग मेरिनोचा टी-शर्ट घ्यायचा कुठे. सोपं उत्तर डेकॅथलॉन, पण सायकलिंगच्या रॅकजवळ शोधत बसू नकोस, ट्रेकिंगच्या सेक्शनला जा. मेरिनो तिथे असतं, आणि परदेशी ब्रँडच्या सायकलिंग जर्सीपेक्षा बरंच स्वस्त. तुझ्या बजेटमधले दोन-अडीच हजार इथे जाऊ देत. पूर्ण बाह्यांचा घे म्हणतील, मी म्हणते अर्ध्या बाह्यांचा घे, का ते पुढे सांगते. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम यावर, मोजतात, आपल्या महाराष्ट्रातल्या थंडीला १५० ते २०० च्या मधलं बस झालं, २५० चा घेतलास तर सकाळी नऊ वाजता फेकून द्यावासा वाटेल. टी-शर्ट अंगाला चिकटून बसला पाहिजे, सैल मेरिनो म्हणजे पैसे पाण्यात, हवेचा थर राहत नाही आणि घामही उचलला जात नाही. शंभर टक्के मेरिनो मऊ असतं पण नाजूक, पाठीवर सॅक घेऊन चालवणार असशील तर थोडं नायलॉन मिसळलेलं घे, पट्ट्याखाली गोळे धरत नाही आणि जास्त टिकतं. थंडीचा सीझन संपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेल्या साईझ स्वस्तात निघतात, पण तुझी बीआरएम डिसेंबरात, त्यामुळे या वेळी पूर्ण भाव दे आणि लेहसाठीचा दुसरा तेव्हा उचल.

किंवा दुसरा मेहुण्याकडून. जर्मनीत थंडीच्या तोंडावर आल्डी, लिडल असल्या किराणा दुकानांत मेरिनोचे आतले कपडे ठरावीक आठवड्यात येतात आणि तिथल्या मानाने स्वस्त असतात. शिवाय विंटेड नावाचं अ‍ॅप आहे, तिथले लोक त्यावर वापरलेले कपडे विकतात, मेरिनोच्या सायकलिंग जर्सी नव्याच्या निम्म्याहून कमी भावात निघतात. वापरलेलं घ्यायला संकोच करू नकोस, पण फोटोत काखेखालचा आणि कोपराचा भाग मागव, मेरिनो झिजतं ते तिथेच. मेहुण्याला 'मीडियम' असं सांगू नकोस, छातीचं माप सेंटीमीटरमध्ये पाठव, जर्मन मीडियम म्हणजे आपल्याकडच्या दोन माणसांना पुरेल. आणि एकच वस्तू मागव, त्याच्या बॅगेत आधीच सगळ्या नातेवाईकांची चॉकलेटं असणार.

तू नाशिकचा आहेस म्हणून अजून एक ठिकाण. देवळाली कॅम्पला लष्करी सामान विकणारी दुकानं आहेत तिथे एक रविवार घाल. हिरवी जर्सी, खांद्यावर-कोपरावर कापडाचे तुकडे लावलेली, ती राईडला जाड होते पण बीआरएमच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणी-थांब्यावर, थांबायला किंवा लेहच्या तंबूत संध्याकाळी घालायला मस्त. खऱ्या लोकरीचीही असते आणि हुबेहूब दिसणारी अ‍ॅक्रिलिकचीही, दोन्ही एकाच गठ्ठ्यात. हातात घे, वजनावरून आणि राठपणावरून अंदाज येतो, आणि भोक पडलेली निघाली तर भाव पाडून घे. आपल्याकडे अजून रफूवाले आहेत, लोकरीला रफू इतकं छान बसतं की नंतर भोक कुठे होतं ते शोधावं लागतं.

आता बाह्यांचं. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घे म्हटलं कारण सकाळी गार आणि दहा वाजता ऊन अशा आपल्या हवेत बाही काढता-घालता आली पाहिजे. आर्म वॉर्मर, म्हणजे सुट्या बाह्या, विकत मिळतात, पण तू ते घरीच कर. घरात एखादा खऱ्या लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर असेल जो कोणीतरी वॉशिंग मशीनमध्ये टाकून आटवलाय, प्रत्येक घरात असतो एक, तो घे. आटलेली लोकर फेल्टसारखी घट्ट होते, कापली तरी उसवत नाही. दोन्ही बाह्या खांद्याच्या शिवणीखाली कापायच्या, मनगटाकडची रिब आहे तशी ठेवायची, वरच्या टोकाला एक इंच दुमडून आत रुंद इलॅस्टिक घालायचं. इलॅस्टिक दंडाच्या मापापेक्षा दोन बोटं कमी, फार घट्ट केलंस तर हाताला मुंग्या येतील. आतून टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला ठेव. कोपऱ्यावरच्या टेलरकडे दिलंस तर तो ओव्हरलॉक मारून अर्ध्या तासात देतो, फक्त कशासाठी हे त्याला पटवून सांगायला तेवढाच वेळ लागतो. आटलेला नसेल तर मुद्दाम गरम पाण्यात चोळून आटव, पण 'सुपरवॉश' लिहिलेला असेल तर तो आटणार नाही, त्यावर तशी प्रक्रियाच केलेली असते. आणि बाकीचं धड कापून फेकू नकोस, त्यातून टाचेचे तुकडे, पाण्याच्या बाटलीचं कव्हर, काय वाट्टेल ते होतं.

सासूबाईंना नाही म्हणू नकोस. पण स्वेटर विणू देऊ नकोस. हाताने विणलेला स्वेटर जाड होतो, वाकून बसल्यावर पोटाशी गोळा होतो, मागे खिसा शिवला आणि त्यात फोन ठेवला की गुडघ्यापर्यंत लोंबतो, आणि त्यांनी महिनाभर खपून केलेली वस्तू तू दोनदा घालून कपाटात टाकलीस की पुढची दहा वर्षं ते निघत राहणार. त्यांना गळपट्टा सांग, गोल, डोक्यातून घालायचा, नाकापर्यंत ओढता येईल असा. पहाटे साडेपाचला गंगापूर धरणाच्या धुक्यात सगळ्यात जास्त काय लागतं तर घशाला आणि छातीच्या वरच्या भागाला वारा, आणि त्याला शंभर ग्रॅम धागा पुरतो. गळ्याला लागणार म्हणून धागा मेरिनोचा आण, ऑनलाईन मिळतो, शंभर ग्रॅमच घ्यायचाय म्हटल्यावर किंमत सोसते. उरलेल्या धाग्यात मनगटपट्टे, बोटं उघडी आणि अंगठ्याला भोक. पूर्ण लोकरीचे हातमोजे मात्र नकोत, ब्रेकच्या लिव्हरवर लोकर घसरते, घाटात तो प्रयोग नको.

पायाचं सगळ्यांचं उलटं असतं. थंडी वाजते म्हणून जाड मोजे घालतात, बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात. पातळ मेरिनो मिक्सचे मोजे, एकच जोड, ट्रेकिंगच्या सेक्शनलाच मिळतील, आणि बुटाला पुढे जाळी असेल तर त्यावर बाहेरून इन्सुलेशन टेप. बस. शॉर्टच्या बाबतीत तर लोकरीचा विचारही करू नकोस, एकेकाळी लोकरीच्या शॉर्ट आणि आत चामड्याचा तुकडा असायचा, ते ज्यांनी सोसलं त्यांना नमस्कार, आपली पॅडवाली लायक्रा बरी.

बीआरएमच्या दिवशी असं कर. ३०० ला वीस तास मिळतात म्हणजे पहाटेची थंडी, दुपारचं ऊन आणि रात्रीची थंडी तिन्ही वाट्याला येणार. निघताना मेरिनो, जर्सी, बाह्या, गळपट्टा, विंडचीटर, वर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, ते कंपल्सरीच असतं. सुरुवातीची दहा मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे, तो पहिल्या चढाला घाम होऊन बाहेर येणार. चढ सुरू व्हायच्या आधी विंडचीटरची चेन उघड, घाम फुटल्यावर नाही. आणि माथ्यावर पोचल्यावर थांबलास की लगेच बंद कर, चहा प्यायच्या आधी, फोटो काढायच्या आधी. दुपारी मेरिनो काढायची गरज पडत नाही, १५० चा असेल तर तो उन्हातही सुसह्य असतो. ट्रंकेतला स्वेटर रात्रीसाठी सॅडल बॅगेत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

लेहला जुलैत दिवसा ऊन भाजून काढतं आणि सरचूसारख्या ठिकाणी, ४२०० मीटरच्या वर, रात्री पाणी गोठायला आलेलं असतं. टांगलांग ला ही खिंड तर ५३०० मीटरच्या पुढे. तिथे मेरिनोचे दोन टी-शर्ट, एक चालवायचा, एक झोपायचा, बाहेरच्या खिळ्याला टांगून हवा लागली की दुसऱ्या दिवशी परत घालता येतो. जाड मोजे आणि टोपी इथून नेऊ नकोस, कुलू-मनालीला घे. भुट्टिकोची दुकानं आहेत तिथे, विणकरांची सहकारी सोसायटी, १९४४ पासूनची, शाली महाग पण छोट्या वस्तू परवडतात, आणि रस्त्याकडेला बायका हाताने विणलेले मोजे विकत बसलेल्या असतात. त्यातही कधीकधी अ‍ॅक्रिलिकची भेसळ असते, धागा ओढून बघ. ते मोजे तंबूत झोपायला, बुटात नाही.

धुणं. इथेच लोकांचं वाटोळं होतं. गार किंवा जेमतेम कोमट पाणी, ईझी किंवा तसलंच लोकरीचं लिक्विड, पाच-दहा मिनिटं बुडवून हलक्या हाताने दाबायचं. चोळायचं नाही, पिळायचं नाही, ब्रश तर दाखवायचाही नाही. कडक पावडर, ब्लीच, कंफर्टसारखं सॉफ्टनर, तिन्ही बंद. पाणी निथळलं की सुक्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि वर गुडघ्याने दाबायचं, बरंचसं पाणी टॉवेल पितो. मग सावलीत आडवं पसरायचं, दोरीवर खांद्याने टांगलंस तर ओल्या वजनाने लांबून नाईटगाऊन होतो. कामवाल्या मावशींना आधी सांगून ठेव, नाहीतर त्या प्रेमाने गरम पाण्यात घालून दणादण आपटतील आणि तुझ्या मुलाला टी-शर्ट होईल. प्रत्येक राईडनंतर धुवायचीही गरज नाही, रात्रभर हवेला टाकलं तरी चालतं.

मार्चमध्ये ठेवताना मात्र धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेव. कसर लागते ती घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी, स्वच्छ लोकरीकडे ती तेवढी वळत नाही. चेनच्या प्लास्टिक पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत डांबरगोळ्या कापडात बांधून. कडुनिंबाचा पाला घालणार असशील तर कडक वाळवून घाल, ओला राहिला तर बुरशी येते. आणि पावसाळ्यात एकदा, ऊन पडलेला दिवस बघून, बाहेर काढून झटकून ठेव.

हेल्मेटखालच्या टोपीबद्दल तू विचारलं नाहीस पण सासूबाई विचारतीलच. जाड टोपी घातली की हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा सैल पडतो, ते धोक्याचं. कानांवरून जाणारी चार बोटं रुंद पट्टी विणायला सांग, एकेरी, पातळ सुयांवर. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून मोजून दे, आणि त्यातून दोन इंच वजा करायला सांग, लोकर ताणली जाते.